ग्रेंजमथ ते ट्विकनहॅम: कॉक्टो ट्विन्सच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस, शनिवार, 13 सप्टेंबर 2025: एडिंबरा

बाबा तीन आठवड्यांपासून एडिंबऱ्यात आहेत. माझ्या धाकट्या भावाचं घर लीथला, जुन्या बंदराच्या बाजूला. मी काल रात्री पुण्याहून येऊन पोचले आणि आज सकाळी चहावर कार्यक्रम ठरला. भावाने किल्ला, रॉयल माइल, उत्तरेकडच्या डोंगरांची सहल असं सगळं मांडून ठेवलं होतं. मी म्हटलं, मला ग्रेंजमथला जायचंय. "तिथे काय आहे?" भावजयीने विचारलं. माझ्या आधी बाबाच बोलले, "रिफायनरी."

बाबांची सगळी नोकरी माहूलच्या रिफायनरीत झाली. 1979 ला लागले, 2015 ला निवृत्त झाले. आम्ही चेंबूरला कॉलनीत राहायचो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रात्री फ्लेअरची, म्हणजे जादा वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीची, ज्योत दिसायची. ढग खाली आले की सगळं आभाळ नारिंगी व्हायचं. इतर मुलांना चांदोबा दाखवत जेवायला घालतात, आम्हाला आई ज्योत दाखवायची. "बाबा तिथे आहेत," म्हणायची.

1995 साली मर्चंट नेव्हीतल्या मावसभावाने एक कॅसेट आणून दिली. कॉक्टो ट्विन्स या बँडची, 'हेवन ऑर लास व्हेगस'. मी नववीत होते. बाबांची रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज करायचा नाही हा नियम, म्हणून मी ती कॅसेट अगदी बारीक आवाजात, टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकायची. गिटार आहे हेच मला पहिले काही दिवस कळलं नाही. पाण्याच्या टाकीत ऊन पडलं की भिंतीवर ज्या जाळ्या हलतात, तसं काहीतरी ऐकू यायचं, आणि त्यातून एक बाई गात वर यायची. एक शब्द कळत नव्हता. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून कळत नाही, असं मी धरून चालले. इंग्रजी पक्कं झालं तरी शब्द कळले नाहीत. तोपर्यंत त्यांची गरजही उरली नव्हती.

पुढे कळलं की हा बँड स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथचा, आणि ग्रेंजमथ म्हणजे रिफायनरीचं गाव. त्या दिवसापासून मला तिथे जायचं होतं. ज्या आभाळाखाली मी त्यांना ऐकलं तशाच आभाळाखाली ते वाढले, एवढंच कारण, पण माझ्यासाठी ते तीस वर्षं पुरलं.

दुपारी पावसाची भुरभुर होती. बाबांना घेऊन एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात शिरले. लाकडी खोक्यांत तबकड्या उभ्या लावलेल्या, दमट पुठ्ठ्याचा वास. त्यांची 'ट्रेझर' मिळाली. 1984 ची. कव्हरवर जुनी लेस आहे, झिरझिरीत, सावलीत बुडालेली. यांची बरीचशी कव्हरं व्हॉन ऑलिव्हर आणि नायजेल ग्रिअर्सन या जोडीने 'ट्वेंटीथ्री एन्व्हलप' या नावाने केली. त्यांवर बँडचे चेहरे शोधून सापडत नाहीत. गाण्यांची नावं पाहिलीत तर आयव्हो, लॉरलाय, बीआट्रिक्स, पर्सेफनी, पॅन्डोरा, अमेलिया, अलॉयशियस, सिसिली, ऑटर्ली, डॉनिमो. दहा गाणी, दहा नावं. घरातल्या मुलांची नावं ठेवावीत तशी.

दुकानदाराने तबकडी बाहेर काढून दिव्याखाली तिरपी धरली, चरे पाहिले आणि मान डोलावली. म्हणाला, यातलं बरंचसं याच शहरात ध्वनिमुद्रित झालं. ते खरं आहे. 1983 चा 'हेड ओव्हर हील्स' आणि त्यानंतरचं 'ट्रेझर'चं बरंच काम एडिंबऱ्याच्या पॅलेडियम स्टुडिओत झालं. दुकानदाराने बाबांना विचारलं, तुम्हालाही आवडतात का? बाबा म्हणाले, "अजून ऐकलं नाही. उद्या गाव बघतो, मग ऐकतो." मला हा क्रम आवडला.

रात्री बाबांनी खिशातली डायरी काढून नोंद केली. निवृत्तीला दहा वर्षं झाली, तरी रोजची नोंद ते शिफ्टच्या लॉगबुकसारखीच लिहितात. चोवीस तासांची वेळ, मग जागा, मग जे घडलं ते, आणि शेवटी पुढच्या पाळीवाल्यासाठी सूचना. आज लिहिलं: "2130. पाऊस. तबकडी एक, सुस्थितीत. उद्या ग्रेंजमथ. टोपी घेणे."

दुसरा दिवस, रविवार, 14 सप्टेंबर: ग्रेंजमथ

ग्रेंजमथला रेल्वेने थेट जाता येत नाही. तिथलं प्रवासी स्टेशन 1968 मध्ये बंद झालं. आम्ही वेव्हर्ली स्टेशनवरून फॉल्कर्कची गाडी धरली, पुढे बस.

गाडी विंचबराजवळ आली तेव्हा बाबा एकदम पुढे झुकले. हिरव्या शेतांच्या मधोमध तांबूस मातीचा एक भलामोठा सपाट डोंगर. डोंगर नव्हेच तो, राख आहे. इथल्या शेल नावाच्या दगडातून तेल काढायचे आणि भाजलेला दगड रचून ठेवायचे. त्या ढिगांना इथे 'बिंग' म्हणतात. जेम्स यंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये कोळशातून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं, 1851 मध्ये जवळच बाथगेटला कारखाना उभा राहिला, आणि पुढे शेलचा धंदा वाढला. अरबस्तानात कोणी तेलासाठी खणण्याच्या कितीतरी आधी या गवताळ मुलखात तेलाचा उद्योग चालू होता.

त्यापुढची साखळी बाबांना तोंडपाठ आहे. बर्मा ऑइल ही कंपनी 1886 मध्ये ग्लासगोत स्थापन झाली. इराणमध्ये तेल लागल्यावर तिने 1909 मध्ये अँग्लो-पर्शियन कंपनी काढली, जी पुढे बीपी झाली. अँग्लो-पर्शियनने इथल्या शेलवाल्या कंपन्या एकत्र करून स्कॉटिश ऑइल्स केली आणि 1924 मध्ये ग्रेंजमथची रिफायनरी सुरू झाली. बंदर जवळ, आणि तेलात हात बसलेले कामगार आयते मिळणारे. दुसरीकडे त्याच बर्मा ऑइलने शेल या तेलकंपनीबरोबर मिळून बर्मा-शेल केली, आणि बर्मा-शेलने 1955 मध्ये माहूलला रिफायनरी बांधली. 1976 मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. "म्हणजे ही आपली मावसबहीण," बाबा खिडकीतून बघत म्हणाले. हे ते गंमत म्हणून म्हणाले नाहीत. यंत्रांच्या बाबतीत त्यांच्या मनात खरोखरच नातीगोती असतात.

फॉल्कर्कहून बस पंधरा-वीस मिनिटांत ग्रेंजमथला पोचली. रविवार, म्हणून ला पोर्ट प्रिसिंक्ट हा गावातला बाजारचौक निवांत होता. दोन-तीन दुकानं उघडी, बाकावर बसून पाव खाणारी दोन पोरं, वर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. गावाची वस्ती सुमारे 16,000. गाव तसं तरुणच, 1768 मध्ये फोर्थ आणि क्लाइड नद्यांना जोडणाऱ्या कालव्याच्या तोंडाशी वसलेलं. 'शार्लट डंडास' ही वाफेवर चालणारी सुरुवातीची बोट इथेच बांधली गेली.

इथे 1979 मध्ये रॉबिन गथ्री आणि विल हेगी या दोन पोरांनी बँड काढला. गथ्री गिटारवर, हेगी बेसवर. बँडचं नाव त्यांनी एका गाण्यावरून घेतलं. ग्लासगोत 'जॉनी अँड द सेल्फ-अब्यूझर्स' नावाचा पंक बँड होता, त्याचाच पुढे 'सिंपल माइंड्स' झाला. त्यांचं हे सुरुवातीचं गाणं. ड्रमर नव्हता, म्हणून ड्रम मशीन आणलं, आणि ते शेवटपर्यंत राहिलं. गथ्री गावातल्या हॉटेल इंटरनॅशनलमधल्या डिस्कोत रेकॉर्डी लावायचा. तिथे नाचायला एक सतरा वर्षांची मुलगी यायची, एलिझाबेथ फ्रेझर. तिला नाचताना बघून त्याने विचारलं, आमच्यात गाशील का?

ही गोष्ट मी शंभरदा वाचली आहे. आज त्या चौकात उभी राहून मी त्या वाटेचा विचार करत होते. रात्री डिस्को संपल्यावर ती मुलगी घरी जाताना याच रस्त्याने गेली असेल का, तेव्हा समोर आभाळ नारिंगी असेल का. त्या वयात मीही क्लासहून घरी येताना नारिंगी आभाळाकडे तोंड करून चालायचे आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असायचे, ज्याला शब्द नसायचे.

झेटलंड पार्कमध्ये आम्ही डबा खाल्ला. भावजयीने मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी दिली होती. बागेत फुलांचे वाफे राखलेले आहेत, कारंजं आहे. तिथून चालत आम्ही रिफायनरीच्या कुंपणाकडे गेलो.

मला वाटलं होतं मी भारावून जाईन. पण भारावले बाबा, आणि तेही वेगळ्या तऱ्हेने. ते कुंपणापासून थोडे लांब थांबले, चष्मा पुसला आणि डावीकडून उजवीकडे वाचावं तसं वाचायला लागले. "हा क्रूडचा कॉलम. ती व्हॅक्यूमची असावी. तो जाडजूड दिसतोय ना, खाली रुंद, तो कॅट क्रॅकर. हे पाइप रॅक. तिकडे टँक फार्म." मग बोलणं थांबलं. बराच वेळ ते एका चिमणीच्या तोंडाकडे बघत होते.

"हवा हलत नाहीये," ते म्हणाले.

मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. फर्नेस चालू असली की चिमणीतून धूर दिसला नाही तरी तोंडावरची हवा थरथरते, मागचं आभाळ पाण्यातून बघितल्यासारखं वाकडं दिसतं. इथे चिमणीच्या मागचा ढग सरळ होता. काठ स्वच्छ, दगडावर कोरल्यासारखा. म्हणजे आतली भट्टी थंड पडली आहे.

रिफायनरीने 29 एप्रिल 2025 ला कच्च्या तेलावरची प्रक्रिया थांबवली. दिवसाला दीड लाख पिंपं तेल शुद्ध करायची क्षमता, आणि स्कॉटलंडमधली ही एकमेव रिफायनरी. एकशे एक वर्षं चालली. आता जागा आयात केलेल्या इंधनाचं टर्मिनल म्हणून वापरतात. सुमारे 400 लोकांच्या नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं होतं. बाबांना हे माहीत होतं, पेपरात वाचलं होतं. तरी ते म्हणाले, "शटडाऊन मी किती बघितले. शटडाऊनमध्ये प्लांट झोपत नाही गं, उलट तेव्हाच जास्त माणसं असतात. परांची बांधलेल्या असतात, हातोडे, क्रेन, चहावाला. हे तसं नाही." शेजारच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वाफेचा पांढरा पिसारा उठत होता, तिकडे एका चिमणीवर छोटीशी ज्योतही होती. बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात करावी तशी.

तिथेच, रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसून, मी त्यांना पहिल्यांदा कॉक्टो ट्विन्स ऐकवले. 'ट्रेझर'मधलं 'लॉरलाय' लावलं. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. प्लांटच्या आवाजात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान असतात तसे त्यांचे आहेत. उंच, बारीक आवाज त्यांना कमी ऐकू येतात, दाराची बेल ऐकू येत नाही पण ट्रक लांबून कळतो. गाणं सुरू झालं. घंटांसारखी गिटार, खाली ड्रम मशीनचा ठोका, आणि मग फ्रेझर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ही खालच्या पट्टीत गाणारी दुसरी बाई कोण?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षं मी हे गाणं ऐकतेय आणि माझा कान नेहमी वरच्या आवाजामागे धावला. तो वरचा आवाज बाबांना नीट ऐकूच येत नव्हता, म्हणून त्यांना आधी खालचा सापडला. दुसरी बाई नाही, तीच आहे. एलिझाबेथ फ्रेझर स्वतःवर स्वतःचाच आवाज चढवते, एक जाड, एक झिरझिरीत, आणि दोघी एकमेकींना वळसे घालतात. मी इअरफोनच्या बाजू बदलल्या, पुन्हा लावलं, आणि या वेळी फक्त खालचा आवाज ऐकत राहिले. ते वेगळंच गाणं होतं.

"आणि भाषा कुठली?"

मी सांगितलं, कुठलीच नाही. म्हणजे काही शब्द इंग्रजी आहेत, काही परक्या भाषांच्या पुस्तकांतून आणि शब्दकोशांतून उचललेले, अर्थ माहीत नसताना, केवळ तोंडात कसे लागतात म्हणून घेतलेले. हे तिने स्वतःच सांगितलेलं आहे. ज्याला आवाज आहे पण जे मनातलं आहे ते सरळ सांगायला संकोच वाटतो, अशा माणसाने स्वतःसाठी बांधलेली भाषा, असं मला वाटतं. बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे अडगुलं मडगुलं."

हो. अगदी तेच. अडगुलं म्हणजे काय, मडगुलं म्हणजे काय, कोणत्या आईने कधी विचारलं? पण ते म्हणताना बाळाच्या गालावर हात फिरतो आणि बाळ शांत होतं. समीक्षकांनी या बँडवर पानंच्या पानं लिहिली आहेत, मी ती पुष्कळ वाचली आहेत, पण ग्रेंजमथच्या कुंपणाशी बाबा दोन शब्दांत जे म्हणाले तेवढं नेमकं कुठे वाचलं नाही.

नोंद: "1405. क्रूड युनिट बंद. फर्नेस थंड. पेट्रोकेमिकलकडे एक फ्लेअर चालू, लहान. वारा पश्चिमेचा. एकाच बाईचे दोन आवाज."

तिसरा दिवस, सोमवार, 15 सप्टेंबर: फॉल्कर्क

दिवसभर पाऊस. केल्पीज बघितले, कालव्याकाठी उभी असलेली पोलादी घोड्यांची दोन डोकी, 30 मीटर उंच. मग फॉल्कर्क व्हील. दोन कालव्यांमधल्या उंचीच्या फरकावर हे चक्र बोटींना पाण्यासकट उचलतं. बोट आत आली की आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर ढकलते, त्यामुळे दोन्ही बाजूंचं वजन कायम सारखं, आणि फिरवायला वीज अगदी थोडी लागते. बाबांनी दोन फेऱ्या केल्या. मी कॅफेत बसून 'सनबर्स्ट अँड स्नोब्लाइंड' ऐकलं आणि घरी आईला फोन केला. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ती आली नाही. 'ज्योत दिसली का?' हा तिचा पहिला प्रश्न होता.

चौथा दिवस, मंगळवार, 16 सप्टेंबर: एडिंबरा ते लंडन

भावाने सकाळी स्टेशनवर सोडलं. लंडनपर्यंत साडेचार तासांच्या आसपास. डावीकडच्या खिडक्या मुद्दाम घेतल्या, कारण समुद्र त्या बाजूला आहे. मी ठरवलं होतं की गाडी सुटल्यापासून त्यांचे अल्बम क्रमाने लावायचे. सगळे बसणार नव्हते, पण जेवढे बसतील तेवढे.

'गार्लंड्स', 1982. याच मार्गाने ते तिघे डेमो कॅसेट घेऊन लंडनला गेले असणार. एक रेडिओवरच्या जॉन पीलसाठी, एक 'फोर एडी' या छोट्या कंपनीच्या आयव्हो वॉट्स-रसेलसाठी. दोघांनीही दार उघडलं. हा पहिला अल्बम काळपट आहे, बेस पुढे, गिटार खरवडणारी. मला तो पावसाळी संध्याकाळी एकटीने घरी बसल्यासारखा वाटतो. पूर्ण ऐकला, पण प्रेम बसत नाही.

1983 मध्ये विल हेगी बाहेर पडला. उरले दोघे, गथ्री आणि फ्रेझर, आणि त्या दोघांनीच 'हेड ओव्हर हील्स' केला. गिटार इथे पहिल्यांदा भिंतीसारखी उभी राहते. गथ्री एकेका सुरावर इफेक्ट्सचे थर चढवतो, एक थर किंचित उशिरा वाजणारा, दुसरा किंचित कंप पावणारा, तिसरा खोल गुहेत घुमणारा. तार एकदाच छेडलेली असते, पण ऐकू येतो तो अख्खा पाऊस. बर्विकच्या पुलावर गाडी ट्वीड नदीवरून गेली तेव्हा हे वाजत होतं. खाली रुंद, चपटं, रुपेरी पाणी. बाबांनी कमानी मोजायचा प्रयत्न केला.

त्याच वर्षी फ्रेझर आणि गथ्रीने 'दिस मॉर्टल कॉइल' या नावाखाली अमेरिकन गायक टिम बकलीचं 'साँग टू द सायरन' केलं. गिटार आणि आवाज, बाकी जवळजवळ काही नाही. ते गाणं ब्रिटनच्या इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या गाण्यांच्या, यादीत शंभराहून अधिक आठवडे राहिलं. इथे शब्द स्पष्ट आहेत, कारण ते दुसऱ्याचे आहेत. मला नेहमी वाटतं, परक्याचे शब्द ती इतक्या सरळ म्हणू शकली, मग स्वतःचे का झाकले असतील. बाबांना हे गाणं मी दिलं नाही. मलाच ते दिवसातून एकदाच झेपतं.

पुढे सायमन रेमंड आला, बेस आणि पियानो घेऊन, आणि तिघांचा संच शेवटपर्यंत टिकला. 1984 मध्ये 'पर्ली ड्यूड्रॉप्स ड्रॉप्स' ब्रिटनच्या मुख्य यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत गेलं. शब्द कोणालाही धड कळत नसलेलं गाणं घराघरांत वाजलं. 'ट्रेझर' त्याच वर्षीचा. गथ्रीला स्वतःला तो अल्बम फारसा आवडत नाही, हे त्याने वारंवार सांगितलंय. मी त्याच्याशी सहमत नाही. 'डॉनिमो'च्या सुरुवातीला ती ज्या संथपणे आवाज उघडते, पहाटे देवळाचं दार उघडावं तसा, ते ज्याने रेकॉर्ड केलं त्याला ते आवडू नये याचं मला वाईट वाटतं.

डरॅमचं कॅथेड्रल डावीकडे टेकडीवर दिसलं तेव्हा 'व्हिक्टोरियालँड' लावला. 1986 चा. सायमन रेमंड तेव्हा दुसऱ्या कामात होता, म्हणून हा पुन्हा दोघांचाच. ड्रम मशीन जवळजवळ नाहीच. नाव अंटार्क्टिकातल्या प्रदेशावरून घेतलेलं. बत्तीसएक मिनिटांचा हा अल्बम मूळ तबकडीवर मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाने वाजवायचा होता. यात 'डिफ जझ' या बँडच्या रिचर्ड थॉमसने सॅक्सोफोन वाजवलाय, आणि तबलाही. बाबांनी तबला लगेच पकडला, ठेका खालच्या पट्टीत असल्यामुळे. "हा कुठून आला?" म्हणाले आणि मांडीवर बोटं चालू लागली. ठेका साधाच आहे, आपल्याकडच्या कानाला त्यात तालाचं काही विशेष सापडणार नाही. पण त्या बर्फाळ पोकळीत ती चामड्याची ऊब येते, आणि मला ते फार आवडतं.

यॉर्कनंतर बाबा झोपले. 1986 मध्येच हॅरल्ड बड या अमेरिकन पियानोवादकाबरोबर केलेला 'द मून अँड द मेलडीज' मी एकटीने ऐकला, मग 1988 चा 'ब्लू बेल नोल'. पुढचा अल्बम उद्यासाठी राखून ठेवला.

नोंद: "1515. किंग्ज क्रॉस. गाडी वेळेवर. तबला ऐकला."

पाचवा दिवस, बुधवार, 17 सप्टेंबर: वाँड्सवर्थ आणि ट्विकनहॅम

आजची तारीख मी ठरवून धरली होती. 'हेवन ऑर लास व्हेगस' 17 सप्टेंबर 1990 ला आला. आज 35 वर्षं.

सकाळी वाँड्सवर्थला आल्मा रोडवर गेलो. 'फोर एडी'चं ऑफिस इथे होतं. साधा रस्ता, विटांची घरं. फार थांबलो नाही. तिथूनच गाडी धरून नदीच्या वरच्या अंगाला, सेंट मार्गरेट्सला उतरलो आणि थेम्सच्या काठाने चालत गेलो. इथे नदीकाठच्या एका बोटहाउसमध्ये पूर्वी 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडचा ईल पाय स्टुडिओ होता. 1989 च्या सुमारास कॉक्टो ट्विन्सनी तिथे आपला स्टुडिओ थाटला आणि नाव दिलं 'सप्टेंबर साउंड'. कोणाच्या दारात उभं राहून डोकावणं मला पटत नाही, म्हणून आम्ही पुढे रिचमंड लॉकच्या बाजूला एक बाक बघून बसलो.

हे लॉक 1894 चं. समुद्राच्या भरतीचं पाणी इथपर्यंत येतं. ओहोटीला वरच्या बाजूची नदी कोरडी पडू नये म्हणून पुलाच्या कमानींतले दरवाजे खाली सोडतात. दरवाज्यांच्या वर नदी भरलेली, खाली काठाचा चिखल उघडा. बाबांनी उठून दोन्ही बाजूंनी बघून घेतलं, मग येऊन बसले.

मी अल्बम लावला. पहिलं गाणं 'चेरी-कलर्ड फंक'. कॉलनीतल्या टेपरेकॉर्डरचा जाळीदार स्पीकर मला गालाला जाणवला. थंड पत्रा, त्याला लागलेला हळदीचा डाग, आतल्या खोलीत बाबांचं घोरणं.

हा अल्बम करत होते तेव्हा फ्रेझर आणि गथ्रीला नुकतीच मुलगी झाली होती. 'पिच द बेबी' तिच्यावरचं. त्याच काळात सायमन रेमंडचे वडील, संगीतकार आयव्हर रेमंड, वारले. शेवटचं गाणं 'फ्रू-फ्रू फॉक्सेस इन मिडसमर फायर्स' ज्या पियानोवर चढतं, तो पियानो सायमनने वडील गेल्यावर लगेचच रचला. आणि गथ्री त्या वेळी व्यसनात खोल गेलेला. एका घरात बारसं, एका घरात सुतक, आणि एक माणूस आतून विझत चाललेला. हे मला नववीत काहीच माहीत नव्हतं. पण हा अल्बम ऐकताना एकाच वेळी आनंद आणि घशात आवंढा का येतो, हे मी तेव्हाही आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, "येतो कधी कधी."

अल्बम ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेला. त्यानंतर 'फोर एडी'शी संबंध तुटला. 1993 च्या 'फोर-कॅलेंडर कॅफे'त फ्रेझरचे शब्द पहिल्यांदा बरेचसे कळतात. फ्रेझर आणि गथ्री एकमेकांपासून वेगळे झाले ते त्याच वर्षी. शब्द कळू लागले आणि घर मोडलं, हे एकापाठोपाठ आलं. 1996 मध्ये 'मिल्क अँड किसेस', 1997 मध्ये बँड संपला. 2005 मध्ये एका अमेरिकन महोत्सवात पुन्हा एकत्र येणार असं जाहीर झालं आणि ते रद्दही झालं. फ्रेझरला त्या माणसाबरोबर पुन्हा मंचावर उभं राहणं जमलं नाही. मला त्याचं दुःख आहे, पण तक्रार नाही. 'मॅसिव्ह अटॅक' या बँडसाठी 1998 मध्ये तिने गायलेलं 'टिअरड्रॉप' बहुतेकांनी तिचं नाव माहीत नसतानाही ऐकलेलं असतं.

शेवटचं गाणं लागलं. सुरुवातीला पियानो हळू, खाली मान घातल्यासारखा. मग ती गाऊ लागते, मग गिटार भरतीसारखी चढते. बाबा समोर नदीकडे बघत होते. गाणं मध्यावर आलं तसा त्यांनी इअरफोन दोन बोटांनी कानात घट्ट दाबून धरला, आणि संपेपर्यंत हात काढला नाही.

"हा पियानो वाजवणारा," ते म्हणाले, "त्याचे वडील याच वेळी गेले ना?"

"हो."

"कळतं."

मग त्यांनी डायरी काढली. थंडीने बोटं आखडली होती, पेन दोनदा झटकावं लागलं. लिहून झाल्यावर, पाळी संपवून लॉगबुक पुढच्या माणसाकडे सरकवावं तशी, डायरी माझ्याकडे दिली.

"1620. रिचमंड लॉक. दरवाजे खाली, वरची पातळी कायम. बाईचा वरचा आवाज आज थोडा ऐकू आला. शब्द नाहीत. सर्व नॉर्मल. घरी गेल्यावर हिच्या आईला ऐकवणे."